दहा रुपयांची मुभा

भारतीय दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, शिक्षांचे तपशील बदलले. दहा रुपये मात्र जागचे हलले नाहीत. जुन्या संहितेत ते १७१-एच कलमात होते, नव्या संहितेत १७६व्या कलमात आहेत. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी कोणी सभा भरवली, पत्रक छापलं, जाहिरात दिली किंवा आणखी कशावर पैसा खर्च केला, तर तो गुन्हा, असं हे कलम सांगतं. त्याला एक सवलत जोडलेली आहे. खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता आणली, तर परवानगी होतीच असं धरायचं. निवडणूक गुन्ह्यांचं हे प्रकरण आपल्या कायद्यात १९२० साली आलं. शंभर वर्षांनी दंड पाचशेवरून दहा हजारांवर नेण्याची आठवण सरकारला झाली. मुभा दहाचीच ठेवली.

निवडणुकीतला पैसा आणि घटनेतलं भाषणस्वातंत्र्य यांवरच्या निकालांचे मराठी सारांश या पुस्तकात एकत्र केले आहेत. त्याची प्रस्तावना या दहा रुपयांपासून सुरू करावी, कारण निकालांचा सगळा गदारोळ मोठ्या रकमांचा आहे आणि त्यात ही रक्कम दिसेनाशी होते.

आमच्या चिंचोळी एमआयडीसीचंच उदाहरण घेतो. सोलापुरातून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे महामार्गालगत ही वसाहत लागते. रसायनं, यंत्रांचे सुटे भाग, सूत. पाळी सुटली की गेटवर कंपन्यांच्या बसेसची रांग. इथल्या एका कामगाराला एखादा उमेदवार मनापासून पटला. त्याने स्वतःच्या पगारातून हजार पत्रकं छापायचं ठरवलं आणि पाळी बदलायच्या वेळी गेटवर उभं राहून ती वाटायची ठरवली. पहिली अडचण छापखान्यातच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम सांगतं की पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने ओळखीच्या दोन माणसांच्या साक्षीने घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं, मुद्रकाने ते पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. निवडणुकीतलं कुठलंही पत्रक उलटून पाहा, तळाला मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत ही ओळ आणि प्रतींची संख्या सापडेल. या अटीबद्दल माझी तक्रार नाही. बोलणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कळावं. तक्रार पुढच्या अटीबद्दल आहे. उमेदवाराची लेखी परवानगी आणली तर त्या छपाईचा खर्च उमेदवाराच्या खात्यात चढतो. नाही आणली, तर कामगार गुन्हेगार ठरतो.

त्याच रस्त्यावरची एखादी कंपनी घ्या, किंवा देशातली कुठलीही. २०१७चा वित्त कायदा आल्यापासून १५ फेब्रुवारी २०२४ला निवडणूक रोख्यांचा निकाल लागेपर्यंत ती राजकीय पक्षाला हवी तेवढी रक्कम देऊ शकत होती. नफ्याची अट नव्हती, तोट्यातली कंपनीही चालत होती. कुठल्या पक्षाला दिले हे नफा-तोटा पत्रकात सांगायचं बंधन नव्हतं. या दोन नियमांमधल्या अंतराची गोष्ट म्हणजे हे पुस्तक.

आधी हिशोबाची पद्धत बघून घेऊ, कारण वर्तमानपत्रांत येते ती फक्त मर्यादेची रक्कम. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, असे आकडे जानेवारी २०२२ पासून आहेत. उमेदवाराला स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. त्याला एक नोंदवही मिळते: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोखीचा हिशोब, पिवळ्या पानांवर बँकेचा. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासायला न्यायची. तिकडे निवडणूक आयोगाची माणसं स्वतःची वेगळी, छाया नोंदवही ठेवतात. सभेचं चित्रीकरण करणारं पथक खुर्च्या मोजतं, मंडपाचा आकार टिपतं, गाड्यांचे नंबर घेतं; मग जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार चहा, नाश्ता, फेटा, हार यांचे पैसे लावले जातात. निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशोब द्यायचा. तो दिला नाही किंवा नियमाप्रमाणे दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

इतकी चोख व्यवस्था पाहून परदेशी पाहुण्यांना कौतुक वाटेल. पण हे मीटर उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवशी पडतं आणि निकालाच्या दिवशी थांबतं. त्याआधीचे वाढदिवस, हळदीकुंकू, आरोग्य शिबिरं, देवदर्शनाच्या बसेस हिशोबाबाहेर. पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. शिवाय ९५ लाख ही रक्कम ऐकायला मोठी असली, तरी सोलापूर लोकसभा मतदारसंघात २०२४ला सुमारे २० लाख मतदार होते. मतदारामागे पाच रुपयेही पडत नाहीत. ७ मे २०२४ला मतदान झालं, त्या उन्हात एकेका मतदाराला एक ग्लास सरबत पाजलं तरी मर्यादा संपली असती. खरं बोलणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही अशी ही मर्यादा आहे. २७ जून २०१३ रोजी मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे म्हणून गेले की २००९च्या निवडणुकीत आपले आठ कोटी खर्च झाले. तेव्हा लोकसभेची मर्यादा २५ लाख होती. आयोगाची नोटीस आली, खुलासे झाले. सभागृहातल्या राजकीय मंडळींपैकी त्या आकड्याने कोणाला धक्का बसला असेल, असं मला वाटत नाही. धक्का बसला तो आकडा मोठ्याने उच्चारला गेल्याचा.

मर्यादेच्या बाजूने सगळ्यात भक्कम युक्तिवाद १९७४ साली झाला. दिल्लीतल्या एका लोकसभा जागेचा वाद, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला. न्या. पी. एन. भगवती यांचं म्हणणं असं की लोकशाहीत लहान माणसालाही निवडून येण्याची संधी असली पाहिजे, आणि पैशाला मोकळं रान दिलं तर ती उरणार नाही. म्हणून उमेदवाराच्या मूक संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. मोहोळ विधानसभा आणि सोलापूर लोकसभा हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. इथे उभं राहणाऱ्या, पाठीशी कारखाना किंवा शिक्षणसंस्था नसलेल्या उमेदवाराच्या बाजूने भगवतींचा निकाल वाचला की तो अगदी आपल्या गावाचा वाटतो.

पण तो टिकला किती? महिना उलटायच्या आत वटहुकूम निघाला आणि पुढे संसदेने कायदा करून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमाला स्पष्टीकरण चिकटवलं: पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराचा मानायचा नाही. त्या स्पष्टीकरणाला दिलेलं आव्हान १९८५ साली फेटाळलं गेलं. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. कलमावरची टीका अगदीच गैरलागू नाही, पण तेवढ्याने ते घटनाबाह्य ठरत नाही, असा त्याचा सूर. ३९ वर्षांनी त्यांचे चिरंजीव निवडणूक रोख्यांचा निकाल देणार होते. बापलेकांच्या निकालांची तुलना करायचा मोह इथे मी आवरतो. दोन्ही सारांश पुढे शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत. २००३च्या दुरुस्तीने मित्रमंडळींची वाट बंद झाली, पक्षाच्या स्टार प्रचारकांच्या प्रवासाची उघडी राहिली.

आता भाषणस्वातंत्र्याकडे. अमेरिकेत हा प्रश्न सरळ त्या अंगानेच लढला गेला. वॉटरगेटनंतर तिथल्या काँग्रेसने देणग्यांवर आणि खर्चावर दोन्हीकडे मर्यादा घातल्या. १९७६च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाळणी केली. देणगीवरची मर्यादा ठीक, कारण तिच्यामागे देवाणघेवाणीचा संशय असतो. खर्चावरची मर्यादा बाद, कारण आजच्या काळात मोठ्या समूहाशी बोलायचं तर पैसा लागतोच आणि पैसा अडवणं म्हणजे बोलणं अडवणं. २०१०मध्ये सिटिझन्स युनायटेडच्या निकालाने कंपन्यांनाही स्वतंत्र खर्चाचं तेच दार उघडून दिलं.

आपल्या १९व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आहे आणि ते कोणत्या कारणांनी आवळता येईल त्याची यादीही आहे: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, चिथावणी. निवडणुकीत गरीब-श्रीमंत उमेदवारांमध्ये समता राहावी, हे कारण त्या यादीत नाही. मग खर्चाची मर्यादा घटनेत बसते कशी? याचं उत्तर १९५४ साली न्या. व्हिव्हियन बोस यांनी देऊन ठेवलं. हे नागपूरचे; तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. जमुनाप्रसाद मुखरिया यांच्या खटल्यात प्रश्न पैशाचा नव्हता, प्रचारातल्या भाषेचा होता. बोस म्हणाले, हा कायदा कोणाला बोलायला बंदी करत नाही. निवडून यायचं असेल तर या अटी पाळा, एवढंच सांगतो. निवडणूक लढवणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा कायदा त्याला अटी जोडू शकतो.

उत्तर हुशार आहे, आणि उमेदवारापुरतं पुरेसं आहे. पण चिंचोळीच्या गेटवरचा आपला कामगार उमेदवार नाही. त्याला कुठे निवडून जायचं नाही. त्याला फक्त बोलायचं आहे, स्वतःच्या पैशाने, स्वतःचं नाव खाली छापून. बोस यांचा युक्तिवाद त्याला लागू पडत नाही आणि १९व्या अनुच्छेदाच्या यादीतही त्याला अडवणारं कारण मला सापडत नाही. ब्रिटनमध्ये हुबेहूब हाच पेच आला होता. फिलिस बोमन या बाईंनी १९९२च्या निवडणुकीत हॅलिफॅक्स मतदारसंघात गर्भपाताच्या प्रश्नावर उमेदवारांची मतं सांगणारी पत्रकं वाटली. उमेदवार नसलेल्या माणसाला तिथे मुभा होती पाच पौंडांची. १९९८ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ठरवलं की पाच पौंड म्हणजे जवळजवळ तोंडच बंद, आणि त्यानंतर ब्रिटनने ती मुभा पाचशे पौंडांवर नेली. आपण पाच पौंडांचा चुलतभाऊ नव्या संहितेत जसाच्या तसा उतरवून घेतला.

कामगाराला मोकळीक दिली तर त्याच्या नावाआडून पुढाऱ्याचाच पैसा वाहील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पुस्तकाच्या संकलकांनीही तो टिपणात मांडला आहे आणि ते मर्यादेच्या बाजूने आहेत. भीती खरी आहे. पण त्यावर पाच-पंचवीस हजारांची मर्यादा आणि नाव जाहीर करण्याची सक्ती हा उपाय आहे. दहा रुपये हा उपाय होत नाही.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं या पुस्तकात सगळ्यात सावकाश वाचावीत. पहिलं १९९१च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीचं. यशवंतराव गडाख जिंकले, बाळासाहेब विखे पाटील हरले. गडाखांनी प्रचारात विखे पैसा आणि वस्तू वाटत असल्याचे आरोप केले होते. ते न्यायालयात टिकले नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधानं म्हणून भ्रष्ट आचरण ठरलं आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे पैशाबद्दलच्या बोलण्याने खासदारकी गेली. आणि त्याच निकालात न्या. जे. एस. वर्मा यांनी नोंदवलं की खर्चाची मर्यादा ही नावालाच उरली आहे, कारण पक्षाने किंवा इतरांनी केलेला खर्च जाळ्याबाहेर सुखरूप राहतो. बोलण्याला दात असलेला कायदा आणि पैशाला बोळकं झालेला कायदा, दोन्ही एकाच निकालपत्रात.

दुसरं २००९चं, भोकर विधानसभेचं. मुख्यमंत्री अशोक चव्हाण उमेदवार होते. ‘अशोक पर्व’ अशा मथळ्याखाली राज्यातल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानंच्या पानं आली. काही मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दशः एकच होता, हे पी. साईनाथ यांनी उघडकीला आणलं. चव्हाणांच्या हिशोबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. माजी मंत्री माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशोब वेळेत आला का एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. जुलैत आयोगाने चव्हाणांना कारणे दाखवा नोटीस काढली. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. 

मला यात अडकवून ठेवतो तो निकालाआधीचा प्रश्न. संपादकाला एखाद्या नेत्याची स्तुती करावीशी वाटली, दहा पानं करावीशी वाटली, तर तो त्याचा हक्क आहे आणि त्याची किंमत उमेदवाराच्या नावावर चढवता येत नाही. तीच दहा पानं पैसे घेऊन छापली, तर ती जाहिरात, तो खर्च. मजकूर तोच, शाई तीच. फरक फक्त पावतीचा, आणि पेड न्यूजची पावती कोणी फाडत नाही. मजकुरावरून व्यवहार ओळखायला गेलं तर आयोग संपादकाच्या खुर्चीत बसतो. पुराव्यावर अडून राहिलं तर कोणी कधी सापडत नाही. माझा कल पुराव्यावर अडून राहण्याकडे आहे, तो नाराजीने.

कंपन्यांच्या देणग्यांची कथाही मुंबईतच सुरू होते. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी बदल कायद्यात बसतो म्हणून मान्य केला, पण कोवळ्या लोकशाहीचा पाळण्यातच गळा आवळला जाईल अशी काळजी निकालात लिहून ठेवली. पुढचा इतिहास झोके घेत जातो: १९६०मध्ये मर्यादा, १९६९मध्ये संपूर्ण बंदी, १९८५मध्ये सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत परवानगी, २०१३मध्ये साडेसात टक्के, २०१७मध्ये मर्यादाच काढली. बंदीच्या काळात कंपन्या काही न देता राहिल्या असतील, असं मानायला भाबडेपणा लागेल.

निवडणूक रोखे जानेवारी २०१८मध्ये आले. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळणारे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे, वर नाव नसलेले. प्रत्येकावर साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात उमटणारा क्रमांक. तीस टप्प्यांत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले आणि त्यातली बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. हा काही पगारातून शंभर रुपये बाजूला काढणाऱ्याचा कागद नव्हता. सरकारचा युक्तिवाद देणगीदाराच्या गोपनीयतेचा होता: कोणाला दिले हे कळलं तर दुसरा पक्ष सूड उगवेल. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने योजना रद्द केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी देणगीदाराची गोपनीयता उडवून लावली नाही. लहान देणगी हा राजकीय मताचाच आविष्कार असतो, तिला संरक्षण हवं, हे त्यांनी मानलं. पण कंपनीची प्रचंड देणगी हा बहुधा व्यवहार असतो, आणि तिथे मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क वरचढ ठरतो. हा हक्क त्याच १९व्या अनुच्छेदातून येतो. उमेदवारांनी गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी, या २००२च्या निकालात तो मतदाराला मिळाला होता. कंपन्यांना अमर्याद मोकळीक देणारी दुरुस्ती मनमानी म्हणून चौदाव्या अनुच्छेदाखाली गेली.

अमेरिकेने भाषणस्वातंत्र्य बोलणाऱ्याच्या, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूने वाचलं. आपण ते ऐकणाऱ्याच्या बाजूने वाचलं. मला आपलं वाचन जास्त पटतं. पण त्याने एक पोकळी राहते: कामगाराला कंपनीचं गुपित कळण्याचा हक्क मिळाला, स्वतःचं पत्रक वाटण्याचा नाही.

२०१७च्या दुरुस्त्या रद्द झाल्यामुळे कंपनी कायद्याचं १८२वं कलम पुन्हा पूर्वीसारखं झालं आहे: साडेसात टक्के, संचालक मंडळाचा ठराव, आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाच्या नावासह रक्कम. आपली कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असेल, तर तिचा वार्षिक अहवाल उघडून ही ओळ शोधता येते. मात्र तिथे पक्षाऐवजी एखाद्या इलेक्टोरल ट्रस्टचं नाव दिसण्याची शक्यता आता बरीच आहे. २०१३च्या योजनेतले हे ट्रस्ट कंपन्यांकडून पैसे गोळा करतात आणि वर्षभरात त्यातले निदान ९५ टक्के पक्षांना देतात. कोणी दिले याची यादी आयोगाकडे जाते, कोणाला दिले याचीही जाते. पण दहा कंपन्यांचे पैसे एका ट्रस्टमध्ये आले आणि चार पक्षांकडे गेले, तर कोणत्या कंपनीचे कोणत्या पक्षाकडे, हे त्या दोन याद्या शेजारी ठेवूनही सांगता येत नाही. शेवटचं प्रकरण याच याद्यांवर आहे, आणि ते अपुरं आहे, कारण त्यावरचा निकाल अजून कोणी दिलेला नाही.